एकाच घाटावर तीन सकाळी : निसर्गचित्रणाची निवासी कार्यशाळा कशी निवडावी

उघड्यावर बसून पहिल्यांदाच निसर्गचित्र रंगवणाऱ्याच्या कागदावर एक चमत्कारिक गोष्ट हमखास आढळते. त्या चित्रात सूर्य दोन असतात. घाटावरच्या दीपमाळेची सावली फरशीवर लांबलचक पसरलेली असते, म्हणजे सूर्य अजून क्षितिजाजवळच आहे असे ती सांगते. शेजारच्या ओवरीच्या वळचणीची सावली मात्र भिंतीवर पार खालपर्यंत उतरलेली असते आणि ती तर सूर्य बराच वर चढल्याशिवाय तशी उतरत नाही. चित्रकाराने दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे, समोर पाहूनच रंगवलेल्या असतात. फक्त दीपमाळ नऊ वाजता रंगवलेली असते आणि ओवरी साडेअकरा वाजता. घरी आणल्यावर चित्रात काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही आणि दोष सहसा हाताला किंवा रंगांना दिला जातो.

हा दोष वेळेचा असतो आणि तो एका बैठकीत सुटत नाही. डोंगर, नदी किंवा समुद्र यांच्या सान्निध्यात चार-पाच दिवस राहून निसर्गचित्रण शिकवणाऱ्या ज्या निवासी कार्यशाळा आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात, त्यांचे खरे प्रयोजन याच वेळेच्या गणितात आहे. सुट्टी रम्य ठिकाणी घालवावी आणि हाताला कलेचा स्पर्श व्हावा, ही इच्छा रास्तच आहे. परंतु अनेक कार्यशाळांमधून एक निवडताना स्थळाच्या छायाचित्रांकडे जितके लक्ष जाते, तितके वेळापत्रकाकडे जात नाही. ते का जायला हवे, हे समजण्यासाठी आधी उघड्यावर नेमके काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

सरकणारी सावली

उदाहरणासाठी सातारा जिल्ह्यातील वाई घेता येईल. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचे मंदिर, जवळच मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा व त्याचा घाट, पाठीशी पांडवगड आणि पाचगणीकडचे सपाट माथ्याचे डोंगर, इतके विषय हाकेच्या अंतरावर असल्याने चित्रकारांची पावले तिकडे वारंवार वळतात. वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे सकाळी नऊ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंश वर असतो आणि त्या वेळी १० फुटी खांबाची सावली साडेतेवीस फुटांच्या आसपास पडते. साडेअकराला सूर्य ४६ अंशांपर्यंत चढतो आणि त्याच खांबाची सावली साडेनऊ फुटांवर येते. शिवाय ती जागच्या जागी आखूड होत नाही, तर तेवढ्या वेळात जवळजवळ ३० अंशांनी फिरतेही, जणू घड्याळाचा काटा एका आकड्यावरून पुढच्यावर गेला आहे.

त्याआधीचा तास याहून चंचल असतो. आठ वाजता हीच सावली ५० फुटांहून अधिक लांब असते, म्हणजे आठ ते नऊ या एका तासात ती निम्म्याहून अधिक आटते. ज्या कोवळ्या उन्हासाठी चित्रकार थंडीत कुडकुडत घाटावर येऊन बसतात, ते ऊन सर्वांत वेगाने बदलणारे असते. उलट साडेअकरा ते पावणेदोनच्या दरम्यान सावलीची लांबी फारशी बदलत नाही. परंतु त्या वेळी उजेड माथ्यावरून येतो, भिंती सपाट दिसू लागतात आणि आकारांना उठाव राहत नाही. मे महिन्याच्या मध्यास वाई-पुण्याच्या पट्ट्यात जो शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी तर भर दुपारी उभा खांब स्वतःच्या पायाशीही सावली टाकत नाही. निसर्गचित्रणाच्या बहुतेक कार्यशाळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भरवल्या जातात, त्यामागे थंड हवेइतकेच हेही कारण आहे की हिवाळ्यात सूर्य दिवसभर तिरपा राहतो आणि सावल्या चित्राला पुरेशा लांब मिळतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की एका दृश्याला एका वेळी दीड-दोन तासांहून अधिक आयुष्य नसते. जाणते चित्रकार म्हणूनच पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने किंवा फिकट रंगाने आखून टाकतात आणि पुढे समोरची सावली कितीही सरकली तरी आखलेल्या कडेशी प्रामाणिक राहतात. नवशिक्याला हे कठीण जाते, कारण समोर दिसते ते सोडून कागदावरचे खरे मानायचे, हे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटते.

काळी पायरी आणि पांढरी भिंत

दुसरी अडचण डोळ्यांच्या मागे, मेंदूत असते. घाटाच्या पायऱ्या काळ्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेल्या सह्याद्रीच्या दगडाच्या असतात, तर वरच्या ओवरीची भिंत चुन्याने पांढरी केलेली असते. काळा दगड त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ढोबळमानाने दहावा हिस्सा परत फेकतो. चुन्याची भिंत दहातले आठ हिस्से परत फेकते. आता पायरीवर थेट ऊन आहे आणि भिंत सावलीत आहे, असे समजू. उन्हातल्या पायरीवर प्रकाशाची ८०० मापे पडत असतील, तर सावलीतल्या भिंतीवर केवळ आकाशाकडून येणारी १०० मापेच पडत असतील. पायरी ८०० चा दहावा हिस्सा, म्हणजे ८० मापे डोळ्याकडे पाठवते. भिंत १०० चे आठ दशांश, म्हणजे तीही ८० च पाठवते. काळी पायरी आणि पांढरी भिंत त्या क्षणी सारख्याच उजळ असतात.

हे कोणालाही पटकन पटत नाही. मेंदूला लिंबू अंगणातल्या उन्हातही पिवळे आणि कडुनिंबाच्या सावलीतही पिवळेच ओळखायचे असते, म्हणून तो प्रकाशातील फरक मनातल्या मनात वजा करतो आणि वस्तूचा 'मूळ' रंग पुढे करतो. या क्षमतेला वर्णस्थैर्य म्हणतात. रोजच्या व्यवहारात ती अत्यंत उपकारक असते आणि चित्र काढताना तीच आड येते; शिकाऊ चित्रकार पायरी काळी आणि भिंत कोरी पांढरी रंगवतो, कारण त्याला तसे ठाऊक असते, आणि मग चित्रातले ऊन विझून जाते. शाळेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र गिरवलेल्यांनाही ही चूक चुकत नाही, कारण वर्गातल्या माठ-तांब्यावर पडणारा खिडकीचा उजेड एकाच बाजूने, एकसारखा येत असतो आणि असा पेच तेथे क्वचितच उभा राहतो.

उपाय साधा आहे. जुन्या पोस्टकार्डाच्या तुकड्याला बोटभर अंतरावर दोन बारीक भोके पाडावीत आणि ते हातभर लांब धरून एका भोकातून पायरीचा व दुसऱ्यातून भिंतीचा तुकडा एकाच वेळी पाहावा. आजूबाजूचा संदर्भ झाकला गेल्याने मेंदूची वजाबाकी बंद पडते आणि दोन ठिपके जवळजवळ सारखे दिसतात. डोळे किलकिले करून पाहण्याची जी सूचना प्रत्येक चित्रशिक्षक दिवसातून अनेकदा करतो, तीही याचसाठी असते: बारकावे पुसले जाऊन उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. या उजळपणाच्या पायरीला चित्रकार 'टोन' म्हणतात आणि रंग चुकला तरी टोन चुकू नये, हे त्यांचे पहिले पथ्य असते.

पुढचा पेच कागदाचा. उन्हात चमकणारे पाणी आणि दाराआडचा काळोख यांच्या उजळपणात शेकडो पटींचा फरक असू शकतो, तर कोऱ्या कागदाचा पांढरा आणि जलरंगातील सर्वांत गडद काळा यांच्यात तो साधारण वीस पटींचाच असतो. निसर्गाची लांबलचक पट्टी कागदाच्या तोकड्या पट्टीत बसवावी लागते. गायक जसा आपल्या गळ्याच्या पल्ल्यानुसार षड्ज ठरवतो आणि षड्ज बदलला तरी सुरांमधली नाती शाबूत असल्याने राग तोच राहतो, तसेच येथे घडते: खरा उजेड कागदावर येत नाही, त्याची नाती येतात. म्हणून रंगाला हात लावण्यापूर्वी काडेपेटीएवढ्या चौकटीत केवळ तीन टोनांचे, म्हणजे कोरा, मधला आणि गडद यांचे, कच्चे रेखाटन करण्याची शिस्त चांगल्या कार्यशाळेत पहिल्याच सकाळी लावली जाते. याच कारणाने कागद सावलीत धरून बसावे लागते. कागदावर थेट ऊन पडले की प्रत्येक रंग आहे त्याहून उजळ भासतो, चित्रकार तो आणखी गडद करत जातो आणि घरातल्या उजेडात तेच चित्र काळवंडलेले निघते.

डोंगरांचा निळा रंग

सह्याद्रीच्या एकामागे एक रांगा उभ्या असताना जवळची हिरवट-तपकिरी, तिच्यामागची करडी-निळी आणि सर्वांत मागची आकाशात विरघळल्यासारखी दिसते, हा अनुभव सर्वांचा आहे. मधल्या हवेचे कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात आणि तो विखुरलेला निळा उजेड डोंगर व डोळा यांच्या मध्ये मलमलीच्या पडद्यासारखा पसरतो. अंतर वाढेल तसे पडदे वाढतात. त्यात धूळ व बाष्प मिसळले की पडदा निळ्याऐवजी पांढुरका होतो. चित्रकलेत याला वातावरणीय यथार्थदर्शन म्हणतात. पावसाळा संपता संपता हवा धुतलेली असते आणि पांडवगड अंगावर आल्यासारखा वाटतो, तर थंडीत कृष्णेच्या खोऱ्यातल्या सकाळच्या धुक्यात तोच गड कागदावर एका पातळ हाताने संपतो. एखाद्याला खोली आणि धूसरता शिकायची असेल, तर धुक्याचा महिना त्याचा खरा शिक्षक होय.

पाणी, डिंक आणि हवा

प्रवासाला सोयीचे म्हणून बहुतेक ठिकाणी जलरंग वापरले जातात. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि त्याला बांधून ठेवणारा बाभळीच्या कुळातील झाडांचा डिंक. पाणी हे केवळ वाहन, जे काम झाल्यावर उडून जाते. ते किती वेगाने उडते, यावर चित्राचे बरेचसे भवितव्य अवलंबून असते. ओल्या कागदावर दुसरा ओला रंग सोडला की तो पसरून मऊ कडा देतो, सुकलेल्या कागदावर तोच रंग करकरीत कड देतो आणि अर्धवट सुकलेल्या जागेत जास्त पाण्याचा कुंचला टेकला की फुलकोबीसारखे डाग उमटतात. फेब्रुवारीतल्या देशावरच्या कोरड्या वाऱ्यात कागद दोन-तीन मिनिटांत सुकतो, म्हणून आकाशाचा हात एका दमात द्यावा लागतो. कोकणच्या दमट किनाऱ्यावर तोच कागद कितीतरी वेळ ओलसर राहतो, त्यामुळे समुद्रावरचे ढग छान उतरतात, परंतु होडीची करकरीत कड काढायला थांबावे लागते. घरी पंख्याखाली सराव केलेल्या माणसाचे हात नव्या हवेत पहिल्या दिवशी चुकतात, ते त्याच्या अपुऱ्या गुणांमुळे नव्हे. हवेशी जुळवून घ्यायलाच एक दिवस लागतो आणि एकदिवसीय शिबिरात नेमका तेवढाच दिवस असतो.

कागदाबाबत काटकसर करू नये. पातळ कागद पाण्याने फुगून त्याला वळ्या पडतात आणि रंग खळग्यात साचतो. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, शक्यतो सुती तंतूंचा कागद हे संकट बरेच टाळतो. रंगांची संख्या मात्र सात-आठांवर नेण्याचे कारण नाही.

परत तेथेच, त्याच वेळी

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९२ आणि १८९३ मध्ये रूआँ येथील कथीड्रलसमोर खोली घेऊन एकाच दर्शनी भागाची तीसहून अधिक चित्रे केली. तो अनेक कॅनव्हास जवळ ठेवून बसे आणि उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून त्या उजेडाचा दुसरा उचले; दुसऱ्या दिवशी तोच उजेड परतला की पहिल्यावर पुढचे काम होई. दोन सूर्यांच्या पेचाचा हा सर्वांत सरळ उपाय होता. महाराष्ट्रात आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षण संपवून कोल्हापूर गाठले आणि तेथील जलाशयांचा, झाडांचा परिसर वर्षानुवर्षे रंगवला, प्र. अ. धोंड यांनी जलरंगात कोकणचा किनारा असाच पुन्हा पुन्हा आळवला. नवे स्थळ शोधण्यापेक्षा जुन्या स्थळी परतण्यात त्यांनी अधिक काही पाहिले.

कार्यशाळेच्या दिवसांचा उपयोगही असाच व्हायला हवा. पहिल्या सकाळी घाटावर केवळ टोनांची रेखाटने, दुसऱ्या सकाळी त्याच जागी, त्याच वेळी, त्याच दृश्याचे पहिले रंगीत चित्र आणि तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच, असा क्रम असेल तर शिकणाऱ्याला कालची चूक आज त्याच उजेडात दुरुस्त करता येते. एका दिवसात सूर्याचा मार्ग इतका थोडा बदलतो की नऊ वाजताची सावली डोळ्यांना कालच्याच जागी सापडते. शिवाय कोणतेही कौशल्य एका दीर्घ बैठकीपेक्षा मध्ये झोप व विश्रांती असलेल्या अनेक बैठकांत अधिक पक्के होते, हे गाण्याच्या किंवा पोहण्याच्या शिक्षकालाही ठाऊक असते.

याउलट चार दिवसांत आठ स्थळे दाखवणारी सहल असते. तिच्यात बसमधून उतरणे, जागा शोधणे आणि पाण्याची बाटली भरणे यांतच सकाळचे चांगले ऊन सरते. अशी सहल आनंददायक असेल, पण तिला कार्यशाळा म्हणणे योग्य नव्हे.

शोध आणि चौकशी

चांगल्या कार्यशाळेचा माग चित्रांपासून काढावा, जाहिरातीपासून नव्हे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात किंवा पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात निसर्गचित्रांची प्रदर्शने भरतात, तेव्हा चित्रकार बहुधा स्वतः उपस्थित असतात आणि कोण शिकवते, कोठे नेते, याची माहिती तेथे सहज मिळते. कला महाविद्यालयांतील अध्यापक आणि रंगसाहित्याचे जुने दुकानदार हे दुसरे भरवशाचे ठिकाण. कोणाचे विद्यार्थी दरवर्षी परत येतात, हे दुकानदाराला बरोबर माहीत असते. मार्गदर्शकाची स्वतःची चित्रे पाहावीतच, पण त्याच्या विद्यार्थ्यांची चित्रे त्याहून काळजीपूर्वक पाहावीत: सर्वांची चित्रे गुरूच्या चित्रांच्या नकला वाटत असतील तर तेथे पाहायला नव्हे, अनुकरण करायला शिकवले जाते.

मार्गदर्शक सर्वांसमोर चित्र काढून दाखवतो, त्याला बोलीत 'डेमो' म्हणतात. डेमो पाहणे मोहक असते, पण तो सकाळच्या पहिल्या दीड तासात ठेवला तर शिकणाऱ्याच्या वाट्याला माथ्यावरचे सपाट ऊन येते. दुपारी किंवा आदल्या संध्याकाळी डेमो आणि सकाळ संपूर्णपणे विद्यार्थ्यांची, अशी मांडणी उत्तम. एका मार्गदर्शकामागे किती जण, हा प्रश्न तितकाच निर्णायक आहे. पंधरा जण घाटावर विखुरलेले असतील आणि प्रत्येकाकडे दहा-दहा मिनिटे थांबायचे ठरवले, तर एक फेरी अडीच तासांची होते आणि पंधराव्या माणसापर्यंत मार्गदर्शक पोहोचतो तेव्हा त्याची सावली कधीच सरकलेली असते.

> नोंदणीपूर्वी विचारावे असे
> एकाच स्थळी एकाच वेळी किती वेळा बसायला मिळेल आणि मुक्कामाची जागा तेथून पायी किती मिनिटांवर आहे, हे सर्वप्रथम विचारावे. डेमो केव्हा होतो, गटात किती जण असतात आणि दिवसाअखेर प्रत्येकाच्या चित्रावर चर्चा होते का, हे त्यानंतर. शुल्कात निवास, जेवण, स्थानिक प्रवास व कागद यांपैकी काय धरले आहे, अवकाळी पाऊस आल्यास छपराखालची पर्यायी जागा आहे का आणि नोंदणी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, याची उत्तरे लेखी घ्यावीत. वाड्याच्या, मंदिराच्या किंवा संरक्षित स्मारकाच्या आवारात बसण्याची परवानगी आयोजकांनी घेतली आहे का आणि जवळ स्वच्छतागृह आहे का, हे विचारायला संकोचू नये.

मुक्कामाच्या अंतराचा प्रश्न पहिला का, हे आता स्पष्ट व्हावे. निवास स्थळापासून पाऊण तासाच्या गाडीच्या रस्त्यावर असेल आणि नाश्ता आठला मिळत असेल, तर आठचे ऊन त्या कार्यशाळेत कोणालाच दिसणार नाही. डोंगरमाथ्यावरच्या देखण्या हॉटेलपेक्षा घाटाशेजारची साधी खोली चित्रकाराला अधिक उपयोगाची असते.

घाट किंवा भिंत कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हेही नकाशावरून आधी पाहता येते. पूर्वाभिमुख घाटावर सकाळी समोरून ऊन पडते. पश्चिमेला उंच डोंगर असेल तर पंचांगातल्या सूर्यास्ताच्या वेळेआधीच तेथे सावली उतरते आणि संध्याकाळची बैठक तेवढी आखूड होते. प्रकाश एका बाजूने येणारी जागा नवशिक्याला सर्वांत सोपी जाते, कारण उजेड आणि सावलीचे तुकडे आपोआप वेगळे पडतात.

शेवटची संध्याकाळ

शेवटच्या संध्याकाळी सर्व कागद ओसरीवर किंवा सभागृहाच्या जमिनीवर मांडले जातात. मांडणी माणसांनुसार न करता दिवसांनुसार केली तर प्रगती लगेच दिसते: पहिल्या ओळीत पायऱ्या काळ्याकुट्ट आणि भिंती कोऱ्या असतात, तिसऱ्या ओळीत पायऱ्यांवर ऊन आलेले असते आणि भिंतींवर आकाशाचा निळसर उजेड. घरी नेताना चित्रांइतकीच ती काडेपेटीएवढी रेखाटने जपून ठेवावीत. त्यांच्या कोपऱ्यात त्या त्या वेळी लिहिलेली टिपणे असतात: नऊ दहा, ऊन डावीकडून, पायरी आणि भिंत सारखी. तेवढ्यावरून घरच्या टेबलावर तेच चित्र पुन्हा करता येते आणि त्यात सूर्य एकच असतो.